न्यग्रोधमृगकथेचा एक चित्रपट-पाठ

१. जुन्या पोथ्या, बखरी, महजर व सनदा ह्यांचा परामर्श घेणाऱ्या त्रैमासिकांत एका कार्टून चित्रपटाचें परीक्षण यावें, हें कांहीं वाचकांस विलक्षण वाटेल. परंतु ज्या कथेचे पालि व संस्कृत असे दोन ग्रंथगत पाठ, भारहुतच्या दगडांतला एक, अजिंठ्याच्या भिंतीवरचा एक व चिनी यात्रेकरूनें नोंदलेला एक, इतके पाठ आपणांपुढें आहेत, त्याच कथेचा इ. स. १९५७ सालीं पडद्यावर उतरलेला पाठ केवळ अलीकडचा व मुलांसाठीं केलेला म्हणून सोडून द्यावा, हें संशोधनाच्या शिस्तीस धरून होणार नाहीं. चित्रपटाचें नांव 'दि बनियन डियर', म्हणजे वडाचें हरिण. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन ह्या सरकारी संस्थेच्या कार्टून विभागानें तो केला. मूळ कथेच्या परंपरेंत त्याचें स्थान कोणतें, अजिंठ्याशीं त्याचें जें नातें सांगितलें जातें तें कितपत खरें, आणि कथेचें मर्म त्यांतून प्रेक्षकाच्या हातीं लागतें कीं नाहीं, एवढ्या तीन प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे.

२. हातानें काढलेलें चित्र हालतें करण्याचा उद्योग आपल्याकडे तेव्हां अगदीं नवा नव्हता. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं 'आगकाड्यांची मौज' ह्या लघुपटांत आगपेटींतील काड्या एकेक चौकट टिपून नाचविल्या होत्या. पुढें १९३० नंतरच्या दशकांत पुण्याच्या प्रभात कंपनीनें 'जंबूकाका' हा कोल्ह्यावरील लघुपट काढला. जंबुक शब्दाचा अर्थ ह्या वाचकवर्गास सांगावयास नको. हे प्रयत्न एकटेदुकटे राहिले. सरकारी आश्रयानें चालणारी कायमची चित्रशाळा मात्र १९५६ सालीं फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाच्या रूपानें उभी झाली. तेथील चित्रकारांस शिकविण्यासाठीं अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यांतून क्लेअर वीक्स हे वॉल्ट डिस्नेच्या चित्रशाळेंतील अनुभवी चित्रकार आले. मिशनरी आईबापांच्या पोटीं त्यांचा जन्म हिंदुस्थानांतच झालेला होता. १९४२ सालच्या 'बँबी' ह्या डिस्नेच्या चित्रपटावर त्यांनीं काम केलें होतें, आणि त्या चित्रपटाचा नायक हरणाचें पाडस होय. वीक्स यांच्या हाताखालीं तयार झालेल्यांपैकीं राम मोहन (१९३१–२०१९) हे पुढें भारतीय कार्टूनकलेचे अध्वर्यु गणले गेले. गुरु 'बँबी'च्या शाळेंतला, शिष्य एतद्देशीय, विषय जातकांतला व आदर्श अजिंठ्याचा, असा हा चतुर्विध संयोग आहे. चित्रपटाचे गुण व दोष दोन्ही ह्या संयोगांतूनच निघतात.

३. आतां कथा. पालि जातकसंग्रहांतील ही बारावी कथा, 'निग्रोधमिगजातक'. फाउसबोल यांनीं १८७७ सालीं छापलेल्या पहिल्या खंडांत ती आहे. वाराणसीच्या राजास मांसावांचून जेवण जात नसे. रोजच्या शिकारीनें लोकांचा कामधंदा बुडूं लागला, तेव्हां त्यांनीं रानांतलीं हरणें हांकून राजाच्या उपवनांत कोंडलीं. त्यांत दोन कळप होते. एकाचा नायक न्यग्रोध, सुवर्णवर्ण, म्हणजे स्वतः बोधिसत्त्व. दुसऱ्याचा नायक शाख. प्रत्येकाचा परिवार पांचशें हरणांचा. दोन्ही नायक पाहून राजानें त्यांस अभय दिलें. इतर हरणें मात्र रोज बाणांनीं घायाळ होऊं लागलीं. एकाच्या मरणासाठीं अनेकांस दुखापत नको, म्हणून उभय कळपांनीं आळीपाळीनें एकेक हरिण वधस्थानीं पाठवावें असा करार झाला. एके दिवशीं शाखाच्या कळपांतील गर्भिणी हरिणीवर पाळी आली. प्रसूतीनंतर आम्ही दोघें आपापली पाळी देऊं, तोंवर थांबावें, अशी विनंति तिनें केली. शाखानें ती मान्य केली नाहीं. ती न्यग्रोधाकडे गेली. त्यानें तिला परत पाठविलें व स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवली. आचाऱ्यानें हें राजास कळविलें, राजा धांवत आला, व त्या दोघांस जीवदान मिळालें. न्यग्रोध तेवढ्यावर थांबला नाहीं. उपवनांतील हरणांस, मग बाहेरच्या हरणांस, मग चतुष्पादांस, पक्ष्यांस व शेवटीं जळांतील माशांस अभय मिळेपर्यंत त्यानें मागणें चालू ठेविलें.

४. येथें एक घोटाळा निवारणें अवश्य आहे. आपल्या लोकांत सोन्याचें हरिण म्हटलें कीं मारीचच आठवतो. सीतेनें ज्याच्या कातड्याची कंचुकी मागितली तो मायामृग मराठी कीर्तनांतून घरोघर पोंचलेला आहे. माझ्या अध्यापनाच्या काळांत हा चित्रपट दाखवून 'हें सोनेरी हरिण कोणतें?' असें वर्गास विचारलें असतां प्रत्येक वेळीं उत्तर मारीच असेंच येई. म्हणजे ज्या हरणानें फसविलें त्याच्या नांवावर ज्यानें तारलें त्याचें पुण्य जमा होत होतें. मारीच सोनेरी कातडें पांघरून दुसऱ्यास संकटांत ओढतो. न्यग्रोध सोनेरी असल्यामुळें स्वतः सुरक्षित आहे व तें सुरक्षितपण टाकून देतो. दोन्ही कथांतील सुवर्णवर्णाचें प्रयोजनच परस्परविरुद्ध आहे.

जातकांतलीं सोनेरी हरणेंही एक नव्हेत. बुडत्या माणसास वांचवून त्याच्याच कृतघ्नतेस बळी पडूं पाहणारा रुरु निराळा (४८२), व पाशांत सांपडलेला आणि जिच्या विनवणीनें सुटला त्या सहचरीचा सुवर्णमृग निराळा (३५९). खड्ड्यांत पडलेल्या राजास काढणारा शरभ (४८३) सोनेरी नसला तरी त्याची कथा ह्याच गोतांतली. आर्यशूराच्या 'जातकमाले'तील ३४ कथांत शरभ व रुरु आहेत, न्यग्रोध नाहीं. म्हणून ज्यांचा जातकांशीं परिचय संस्कृताच्या द्वारेंच झालेला आहे ते चित्रपटांतील हरणास रुरु समजतात. हाही भ्रम मारीचाइतकाच टाळला पाहिजे.

५. संस्कृतांत ही कथा अजिबात नाहीं असें मात्र नव्हे. सेनार यांनीं तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या 'महावस्तू'त ती मिश्र संस्कृतांत आहे. तेथें रोहक नांवाच्या मृगराजाचे न्यग्रोध व विशाख असे दोन पुत्र असून पित्यानें दोघांस पांचपांचशें हरणें वांटून दिलेलीं आहेत. सारनाथच्या मृगदाव ह्या स्थळनामाची उपपत्ति राजानें मृगांस दिलेल्या दानांतून लावणें, हें त्या पाठाचें प्रयोजन. ह्युएनत्संगानेंही ही कथा सारनाथच्याच परिसरांत नोंदली आहे. भारहुतच्या कठड्यावर 'इसिमिगो जातक' असा लेख असलेलें जें शिल्प आहे, तें अनेक अभ्यासक ह्याच कथेशीं जुळवितात.

नांवांतील पाठभेद लक्षांत घेण्यासारखा आहे. पालींत शाख, महावस्तूंत विशाख. विशाख हें नक्षत्रावरून पडलेलें साधें विशेषनाम होऊं शकेल. पण शाख म्हणजे फांदी व न्यग्रोध म्हणजे वड, ही जोडी सहेतुक दिसते. न्यग्रोध शब्दाची व्युत्पत्ति खालीं वाढणारा अशी करितात. वडाच्या फांदीस भार झाला कीं वरून पारंबी उतरते व जमिनींत रुजून त्या फांदीस खांब देते. फांदी स्वतः कोणास आधार देत नाहीं. वड आपल्याच अंगांतून आधार निर्माण करितो. चित्रपटाचें इंग्रजी नांव पालि पाठास धरून आहे, व १८९५ च्या चामर्स यांच्या भाषांतरानें तें रूढ केलें. कथेचा धागाही पालीचाच. तेव्हां वंशवृक्षांत हा चित्रपट पालि शाखेचा, महावस्तूचा नव्हे, असा निर्णय देण्यास प्रत्यवाय नाहीं.

६. आतां अजिंठा. चित्रपट अजिंठ्याच्या शैलींत केला आहे असें सर्वत्र सांगतात. कोणी त्यापुढें जाऊन तो तेथील भित्तिचित्राची नक्कलच होय असें समजतात. पहिलें विधान मर्यादित अर्थानें खरें आहे, दुसरें नाहीं.

पुराणवस्तुखात्याच्या यादीप्रमाणें न्यग्रोधमृगाची कथा सतराव्या लेण्यांत आहे. रुरु व शरभ त्याच लेण्यांत आहेत. ह्या लेण्याचा खानदेशाशीं संबंध केवळ जवळिकीचा नाहीं. अजिंठा जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटर, व त्याच्या दरींतून निघणारी वाघूर आपल्याच जिल्ह्यांत तापीस मिळते, एवढेंच सांगून भागत नाहीं. लेण्याच्या शिलालेखांत वाकाटक हरिषेणाच्या काळच्या एका मांडलिक राजकुळाची वंशावळ असून, रविसांब हा धाकटा भाऊ वारल्यावर शोकाकुल झालेल्या थोरल्या भावानें हें पुण्यकार्य केल्याचें वर्णन आहे. हें राजकुळ ऋषिक देशचें, व ऋषिक म्हणजे खानदेश, असें म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. तें मान्य केल्यास पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही मृगकथा भिंतीवर उतरली ती खानदेशच्या राजाच्या द्रव्यानें. आमच्या शाळांच्या सहली दरवर्षीं अजिंठ्यास जातात, पद्मपाणीपुढें उभ्या राहतात व परततात. सतराव्या लेण्यांतील ह्या हरणाकडे मुलांचें लक्ष कोणी वेधीत नाहीं, हें खेदानें नमूद करावें लागतें.

चित्रपटानें अजिंठ्यापासून घेतलें काय? डोळ्यांची लांबट घडण, हातांच्या मुद्रा, मुकुट-अलंकारांचा थाट, उभें राहण्यांतला बांक. थोडक्यांत, बाह्यरेषेची रीत. रचना घेतलेली नाहीं. विष्णुधर्मोत्तरांतील चित्रसूत्रांत रेषा, वर्तना, भूषण व वर्ण अशीं चार अंगें सांगून रेषेचें कौतुक आचार्य करितात व वर्तनेचें विचक्षण करितात असा अभिप्राय दिला आहे. वर्तना म्हणजे छायेनें अंगास आणलेली गोलाई. अजिंठ्याच्या चित्रकाराची थोरवी ह्या दोहोंच्या मेळांत आहे. परंतु कार्टूनच्या कारखान्यांत पारदर्शक पत्र्यावर रेषा काढून मागच्या अंगानें एकजात सपाट रंग भरावा लागतो. दर सेकंदास २४ चौकटी भरावयाच्या, तेथें प्रत्येक चौकटींत वर्तना करणें केवळ अशक्य. म्हणून पडद्यावर आली ती अर्धी अजिंठा. रेषा आली, वर्तना मागें राहिली. हा चित्रकारांचा अपराध नव्हे, साधनाची मर्यादा होय. पण मर्यादेस शैली म्हणून गौरवूं नये.

दुसरा दोष चालनाचा. माणसें अजिंठ्याची आठवण देतात. हरणें मात्र धांवूं लागलीं कीं त्यांच्या पायांत डिस्नेच्या शाळेचें वळण दिसतें. एकाच चौकटींत दोन व्याकरणें नांदतात. पोथींत एक अक्षर एका हाताचें व दुसरें दुसऱ्या हाताचें दिसलें म्हणजे जाणत्या वाचकाचा डोळा जसा अडखळतो, तसा तो येथें अडखळतो.

तथापि एका बाबतींत हा चित्रपट अजिंठ्याच्या अंतरंगाशीं खरोखरच जुळतो, आणि तें सहसा कोणी सांगत नाहीं. अजिंठ्याच्या चित्रकारानें कथा सांगतांना एकाच भिंतीवर एकच व्यक्ति पुनःपुन्हां काढली आहे: येथें ती वनांत, पुढें दरबारांत, त्यापुढें उपदेश करीत. प्रेक्षक चालतो व कथा पुढें सरकते. चित्रपटांत प्रेक्षक बसून राहतो व तीच पुनरावृत्त आकृति त्याच्यापुढून धांवते. तत्त्व एकच. त्याच चित्रसूत्रांत लाटा, ज्वाला, धूर व पताका ह्यांस वाऱ्याची गति देणारा, निजलेला सचेतन व मेलेला अचेतन हा भेद दाखविणारा, तो खरा चित्रज्ञ, असें म्हटलें आहे. चित्रांत चेतना दाखविण्याची ही आकांक्षा आपल्या शास्त्रकारांस परकी नव्हती. म्हणून न्यग्रोधाची कथा हालत्या चित्रांत यावी हें त्या परंपरेंतलेंच पुढचें पाऊल मानतां येतें.

७. मुख्य प्रश्न कथेच्या मर्माचा. 'ही भूतदयेची गोष्ट' असें म्हणून मोकळें होण्याची चाल आहे. माझ्या मतें ह्या निवाड्यानें कथेवर अन्याय होतो. नीट वाचलें असतां तींत नियम मोडणारा कोणीच दिसत नाहीं. पाळीचा करार न्याय्य होता, व तो घडवून आणण्यांत न्यग्रोधच पुढें होता. शाखानें तो करार अक्षरशः पाळला. एकीची पाळी दुसऱ्यावर घालतां येणार नाहीं, हें त्याचें उत्तर कोणत्याही न्यायसभेंत टिकण्यासारखें आहे. तेव्हां कथेनें विचारलेला प्रश्न दया असावी कीं नसावी, असा सोपा नाहीं. सर्वांनीं मिळून केलेला चांगला नियम तंतोतंत पाळूनही अन्याय होऊं लागला, तर नायकानें काय करावें, असा तो आहे.

न्यग्रोधानें नियम मोडला नाहीं. हरिणीची पाळी दुसऱ्या कोणाच्या माथीं मारली नाहीं, आणि तिला मरूंही दिलें नाहीं. करारानें त्या दिवशीं एक शीर देणें होतें. तें त्यानें स्वतःचें दिलें, व तेंही राजानें अभय दिलेलें शीर. पालि पाठांत त्या ठोकळ्यास 'धम्मगण्डिका' म्हटलें आहे. वधाच्या लांकडास धर्माचें नांव, हा योगायोग समजूं नये. त्याच लांकडावर नियमाची परीक्षा झाली. मूळ पाठांतील चौकटकथा ह्या अर्थास बळकटी आणते. गृहस्थाश्रमांत असतांनाच गर्भ राहिलेली व तें ठाऊक नसतां प्रव्रज्या घेतलेली एक भिक्षुणी. देवदत्तानें चौकशीवांचून तिला संघाबाहेर घालविलें, बुद्धानें उपालीकडून रीतसर चौकशी करवून तिला निर्दोष ठरविलें. देवदत्त तो शाख, ती भिक्षुणी ती हरिणी, व तिचा पुत्र कुमार काश्यप तें पाडस, असें समवधान आहे.

चित्रपटांत ही चौकटकथा नाहीं, आणि लहान मुलांच्या लघुपटांत ती नसावी हें योग्यच. त्याचें सारें वजन वधस्थानाच्या प्रसंगावर आहे व ती निवड अचूक आहे. पण चित्राच्या भाषेंत कठोरपणा चटकन दिसतो, युक्तिवाद दिसत नाहीं. शाखाचा नकार दिसतो. त्या नकारांतील न्याय्यता दिसत नाहीं. त्यामुळें बालप्रेक्षक शाखास दुष्ट व न्यग्रोधास दयाळू समजून उठतो, व कथा जेथें अवघड होते नेमकें तेथेंच ती सोपी होऊन त्याच्या हातीं पडते. ह्यास चित्रपटाचा मुख्य उणेपणा म्हणावयाचा. शिक्षकानें चित्रपट संपल्यावर 'शाखाचें चुकलें काय?' एवढा एकच प्रश्न विचारला तरी हा उणेपणा भरून निघतो, असा माझा अनुभव आहे.

८. पालि कथा जीवदानाशीं संपत नाहीं. अभय मिळाल्यावर हरणें शेतांत शिरून उभें पीक खाऊं लागलीं. लोकांनीं राजाकडे गाऱ्हाणें नेलें. दिलेला शब्द राज्य गेलें तरी परत घेणार नाहीं, असें राजानें सांगितलें. तेव्हां न्यग्रोधानें आपल्या परिवारास ताकीद दिली, व शेतकऱ्यांस कळविलें कीं कुंपण घालूं नका, शेताच्या कडेस पानांची खूण बांधा. ती खूण ओलांडून हरणें आंत गेलीं नाहींत. हा भाग वाङ्मयदृष्ट्या शेपटासारखा वाटतो. खानदेशांत मात्र तोच जिवंत आहे. रोही व रानडुकरें ह्यांनीं मका-कपाशीची नासाडी केल्याचीं गाऱ्हाणीं जळगांव-धुळ्याकडील शेतकरी आजही करितात. अभय देणाऱ्याचें काम दानानें संपत नाहीं, त्या दानाचा भार ज्याच्या शेतावर पडतो त्याचीही व्यवस्था लावावी लागते, हें पालि कथाकारानें ओळखलें होतें. भूतदयेवर व्याख्यानें देणारांनीं कथेचें हें शेपूट अवश्य वाचावें.

९. शेवटीं, ह्या मंडळींस जिव्हाळ्याचा विषय: प्रतींचें रक्षण. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास म्हणजे आगींचा इतिहास आहे. रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें खपून काढलेलीं चित्रें लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८६६ सालीं बहुतेक जळालीं. तो स्वतः १८७९ सालीं वारला व आपल्या भुसावळांत पुरला आहे. ग्रिफिथ्स यानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ पर्यंत करविलेल्या प्रतींपैकीं बऱ्याच १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. पुण्यांत जुन्या प्रभातच्या आवारांतील कोठारास २००३ च्या जानेवारींत आग लागून जुन्या ज्वालाग्राही फितींवरील चित्रपटांचा मोठा सांठा नष्ट झाला. भिंत झिजते म्हणून प्रत करावी, तर प्रतच आधीं जळते. असें हें दुर्दैव आहे.

'दि बनियन डियर' सुदैवानें उपलब्ध आहे. १९४८ सालीं निघालेली फिल्म्स डिव्हिजन मात्र २०२२ सालच्या सरकारी हुकुमानें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन करण्यांत आली. संस्था बदलते तेव्हां कागदपत्रें हलतात, व हलतांना गळतात, हें दप्तरखान्यांत आयुष्य घालविलेल्यांस ठाऊक आहे. ही संस्था आपले लघुपट अनेक भाषांत काढीत असे. निरनिराळ्या भाषांतील निवेदनें मिळाल्यास तीं पोथ्यांच्या पाठभेदांप्रमाणें ताडून पाहिलीं पाहिजेत. चित्रपटगृहांस मुख्य खेळाअगोदर सरकारी लघुपट दाखविणें त्या काळीं बंधनकारक होतें. तेव्हां खानदेशांतील जुन्या चित्रपटगृहांच्या व तंबूंतील सिनेमांच्या वह्या, पत्रकें, शाळांस आलेल्या फितींचे डबे कोणाच्या माळ्यावर असल्यास ते रद्दींत घालूं नयेत, त्यांची यादी करावी.

राजवाड्यांनीं कागद गोळा करितांना मोठ्या घराण्याचा कागद व कुळकर्ण्याचा कागद असा भेद केला नाहीं. म्हणूनच धुळ्यांत त्यांच्या नांवानें उभ्या राहिलेल्या मंडळास आज अर्थ आहे. भूर्जपत्र, दगड, भिंत व फीत ह्यांत तसाच भेद न करणें आपणांस प्राप्त आहे. पांचव्या शतकांतील ऋषिकाच्या राजानें ज्या हरणास भिंत दिली, त्यास विसाव्या शतकांतील मुंबईच्या चित्रकारांनीं पाय दिले. ते पाय थोडे परके पडले, पण त्या पायांनीं तें योग्य स्थळीं, धम्मगण्डिकेपर्यंत, चालत गेलें, एवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. सतराव्या लेण्यांतील चित्राचें बारकाईनें निरीक्षण केलेल्या, किंवा चित्रपटाची अन्य भाषेंतील प्रत पाहिलेल्या सज्जनांनीं आपलीं टिपणें मंडळाकडे अवश्य पाठवावीं, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों. इत्यलम्.